चाक, वाळू आणि वारा : मोटारवाहनाने झालेले वाळवंटाचे संशोधन

१. विषयप्रवेश

पेठ वडगावच्या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला वाळवंट हा विषय परका वाटावा, हे स्वाभाविक आहे. उत्तरेस वारणा, दक्षिणेस पंचगंगा, आणि दोहींच्या दरम्यान उसाने डवरलेली काळी जमीन. अशा प्रदेशात पाण्याचा अभाव ही पुस्तकात वाचावयाची गोष्ट ठरते. परंतु वाळवंटशोधनाच्या मुळाशी जो एक प्रश्न आहे, तो या भागातील गाडीवानांनी फार पूर्वीपासून हाताळलेला आहे. लोखंडी धाव बसविलेली जुनी बैलगाडी नदीच्या पात्रात उतरली, की तिची चाके वाळूत रुतत आणि बैल मान टाकीत. पुढे रबरी टायरांची, लोकांच्या तोंडी 'डनलॉप' म्हणून रुळलेली गाडी आली आणि त्याच बैलांनी तेवढाच भार त्याच वाळूतून अधिक सहजपणे ओढला. बैल बदलले नव्हते, वाळू बदलली नव्हती; बदलला होता तो चाक व वाळू यांचा संबंध.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच संबंध होय. विसाव्या शतकात मोटारवाहनाने मनुष्य वाळवंटाच्या अंतर्भागात शिरला, ही घटना सामान्यतः साहसकथा म्हणून सांगितली जाते. भूगोलाच्या अभ्यासकाने तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. वाळूत रुतू नये म्हणून चालकाला वाळूचे निरीक्षण करावे लागले, वाट चुकू नये म्हणून सूर्य व तारे मोजावे लागले, आणि या निरीक्षणांतूनच वालुकागिरींचे आधुनिक शास्त्र उदयास आले. हे कसे घडले, त्या शास्त्राने आपल्या थरच्या वाळवंटाच्या आकलनास काय दिले, आणि त्याच चाकाने वाळवंटाचे कोणते नुकसान केले, या तीन गोष्टींचे विवेचन येथे करावयाचे आहे.

२. चाकाचा दाब

प्रथम गाडीवानाच्या अनुभवाचे गणित मांडू. समजा, एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे. लोखंडी धाव पाच सेंटिमीटर रुंद आहे आणि तिची साधारण दहा सेंटिमीटर लांबी जमिनीला टेकते. भार पन्नास चौरस सेंटिमीटरांवर पडला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास दहा किलोग्रॅम दाब झाला. सैल कोरड्या वाळूला हा दाब सोसवत नाही. कण बाजूला सरतात, चाक खाली जाते, आणि टेकणारे क्षेत्र पुरेसे वाढेपर्यंत ते खालीच जात राहते. मग चाकाला स्वतःच तयार केलेल्या खड्ड्याचा चढ सतत चढावा लागतो. रुतलेली गाडी ओढताना बैलांची जी दमछाक होते, ती या न संपणाऱ्या चढामुळे.

हवा भरलेल्या टायरची गोष्ट वेगळी आहे. लवचीक टायर जमिनीवर चपटा होतो आणि त्याचा जमिनीवरील सरासरी दाब स्थूलमानाने आतील हवेच्या दाबाएवढा असतो. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरास अडीच किलोग्रॅम दाब असेल, तर ५०० किलोग्रॅम भार २०० चौरस सेंटिमीटरांवर पसरतो. हवा सोडून दाब एक किलोग्रॅमवर आणला, तर तोच भार ५०० चौरस सेंटिमीटरांवर पसरतो. वाळवंटात शिरताना टायरमधील हवा कमी करावी आणि कठीण भूमी लागताच ती पुन्हा भरावी, हा चालकांचा नियम या साध्या हिशेबावर उभा आहे. उंटाचा पसरट, गादीसारखा तळवा हेच कार्य निसर्गतः करतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चारही चाकांना इंजिनाची गती देणारे वाहन असल्याखेरीज वाळवंटात जाता येत नाही, असे आज सर्वत्र मानले जाते. अशी वाहने निःसंशय उपयुक्त आहेत. परंतु ज्या मोटारींनी लिबियाचे वाळवंट प्रथम पालथे घातले, त्या फोर्ड कंपनीच्या साध्या 'मॉडेल टी' व 'मॉडेल ए' गाड्या होत्या आणि त्यांची केवळ मागची दोन चाके गतिमान होती. जीप हे वाहन दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास, प्रचारात आले. मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने तिची जुळणी सुरू केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. तोपर्यंत वाळवंटशोधनाचा पहिला मोठा अध्याय पूर्ण झालेला होता. यंत्राची उणीव ज्ञानाने भरून काढावी लागली, आणि त्यामुळेच ते ज्ञान निर्माण झाले.

३. उंटापासून मोटारीपर्यंत

ईजिप्त, लिबिया व सुदान यांच्या सीमाप्रदेशात पसरलेले वाळवंट जगातील अत्यंत शुष्क प्रदेशांपैकी एक आहे. त्याच्या उत्तर भागात 'महावालुकासागर' आहे. येथे शेकडो किलोमीटर लांबीच्या वालुकागिरींच्या समांतर रांगा असून त्यांतील काहींची उंची शंभर मीटरांच्या घरात जाते. काफिल्यांचे मार्ग विहिरींच्या अनुरोधाने ठरलेले असत. जेथे विहीर नाही तेथे मार्ग नाही, आणि जेथे मार्ग नाही तो प्रदेश नकाशावर कोरा, अशी स्थिती होती.

उंटाच्या सामर्थ्याची परिसीमा ईजिप्तच्या अहमद हसनैन यांच्या १९२३ मधील प्रवासात दिसते. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील सल्लूम येथून निघून ते सुदानमधील एल ओबैद येथे पोहोचले. सुमारे २,२०० मैलांच्या या प्रवासात अर्केनू व उवैनात हे दोन डोंगर त्यांनी प्रथमच शास्त्रीय जगाच्या नकाशावर आणले. त्यांच्या प्रवासाची दिशा व गती मात्र पाणी आणि उंटांची शक्ती यांनीच ठरविली.

मोटारींचे प्रयोग याच सुमारास चालू होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्या ईजिप्तच्या पश्चिम वाळवंटात फिरल्या आणि त्यांनी नकाशेही तयार केले. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीच्या मागे पट्टे असलेल्या पाच गाड्यांनी डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ या काळात तुगूर्त ते तिंबक्तू असा सहारा ओलांडला. ईजिप्तच्या राजघराण्यातील कमाल अल्-दीन हुसेन यांनी अशाच पट्ट्यांच्या गाड्या नेऊन १९२६ मध्ये 'गिल्फ केबीर' या विस्तीर्ण पठाराची ओळख जगास करून दिली.

या सर्व प्रयत्नांना शास्त्रीय शिस्त दिली ती रॅल्फ बॅग्नोल्ड (१८९६–१९९०) या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने. केंब्रिज येथे अभियांत्रिकी शिकलेले बॅग्नोल्ड ईजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना सुट्टीच्या दिवसांत मित्रांसह, स्वतःच्या खर्चाने, वाळवंटात जाऊ लागले. १९२९, १९३० आणि १९३२ या वर्षांतील मोहिमांनी त्यांचे नाव झाले. १९३२ च्या मोहिमेत त्यांच्या गाड्यांनी दोन-तीन महिन्यांच्या आत सुमारे सहा हजार मैल अंतर कापले, व त्यांतील बहुतांश वाट कोणत्याही रस्त्यावाचून होती. हसनैन यांच्या प्रवासाशी तुलना करता, कोरा नकाशा भरण्याच्या गतीत केवढा फरक पडला हे वाचकांच्या ध्यानात येईल.

तरीही मोटारीला उंटापेक्षा एक बाबतीत कठोर मर्यादा आहे. उंट वाटेत चरतो. मोटार आपले खाद्य पाठीवर वाहते. समजा, गाडी ३०० लिटर पेट्रोल वाहते आणि वाळूत दर लिटरास चार किलोमीटर जाते. एकूण पल्ला १,२०० किलोमीटर झाला. संकटासाठी चतुर्थांश साठा राखला, तर ९०० किलोमीटर उरतात. आणि परतही यावयाचे असल्याने केंद्रापासून दूर जाण्याची मर्यादा ४५० किलोमीटरच ठरते. यापलीकडे जावयाचे तर आधी फेऱ्या करून वाटेत पेट्रोल व पाणी यांचे साठे पुरून ठेवावे लागतात, आणि तो साठा निर्जन सपाटीवर पुन्हा सापडावा यासाठी आपले स्थान अचूक ठाऊक असावे लागते. पुढील विषय हाच आहे.

४. दिशा, स्थान आणि पाणी

मोटारीत चुंबकीय होकायंत्र भरवशाचे नसते, कारण गाडीतील लोखंड सुईला विचलित करते. दर वेळी गाडी थांबवून, दूर चालत जाऊन दिशा पाहावी, तर वेळ जातो. यावर बॅग्नोल्ड यांनी सूर्ययंत्राचा सुधारलेला नमुना वापरात आणला. अंशांच्या खुणा केलेल्या आडव्या तबकडीच्या मध्यभागी एक उभी सळई असते आणि तिची छाया तबकडीवर पडते. दिवसाच्या त्या घटकेला सूर्याचे दिगंश किती, हे कोष्टकावरून पाहून तबकडी फिरवून ठेवली, की छाया विवक्षित खुणेवर राखीत गाडी चालविणे एवढेच चालकाचे काम उरते. सूर्य सरकतो तसतशी तबकडीही ठराविक वेळाने सरकवावी लागते.

या यंत्राची मर्यादा आपल्या विद्यार्थ्यांना घरबसल्या पडताळून पाहता येते. पेठ वडगावचे अक्षांश सुमारे १६ अंश ५० कला उत्तर आहेत. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास माध्यान्ही सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची छाया पायाशी लोपते. अशा वेळी सूर्ययंत्र मुके होते. ऑगस्टमध्ये ढगांमुळे हे क्वचितच दिसते. मे महिन्यात मात्र कोणीही अंगणात काठी रोवून पाहावे. लिबियाच्या वाळवंटाचा मध्यभाग कर्कवृत्ताच्या आसपास असल्याने तेथे उन्हाळ्यात मध्यान्हीचे काही तास प्रवास थांबविणे हितावह ठरे. उष्णता हे त्याचे एक कारण होते, दिशाहीनता हे दुसरे.

दिवसभर दिशा व अंतर यांची नोंद करून रात्री ताऱ्यांवरून स्थान निश्चित केले जाई. त्यासाठी थिओडोलाइट, अचूक घड्याळ आणि रेडिओवरील कालसंकेत आवश्यक असत. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून घड्याळ चार सेकंद चुकले, तर रेखांशात एका कलेची चूक होते. चोवीस अंश अक्षांशावर ती सुमारे १.७ किलोमीटर भरते. वाळूच्या दोन रांगांमध्ये पुरलेला पाण्याचा साठा चुकण्यास एवढी चूक पुरेशी आहे.

पाण्याचा प्रश्न माणसांइतकाच इंजिनाचाही होता. मंद गतीने, जड वाळूतून, विशेषतः पाठीमागून वारा असताना, इंजिनाच्या शीतकपेटीतील पाणी उकळते आणि वाफ बाहेर पडून वाया जाते. बॅग्नोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतकपेटीचे तोंड घट्ट बंद करून तिची वाफ एका नळीने गाडीच्या बाजूस बसविलेल्या, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. तेथे वाफेचे पाणी होई. डबाही उकळू लागला, की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवावयाची. इंजिन निवले म्हणजे शीतकपेटीत निर्माण होणारी पोकळी डब्यातील पाणी परत ओढून घेई. प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारी ही युक्ती पुढे सैन्याच्या गाड्यांनीही स्वीकारली. रुतलेली गाडी काढण्यासाठी चाकांखाली सरकवावयाच्या पोलादी पन्हळ्या, हीदेखील या मोहिमांत सिद्ध झालेली युक्ती होय.

१९४० च्या जुलै महिन्यात कैरो येथे बॅग्नोल्ड यांनी जी दूर पल्ल्याची टेहळणी तुकडी उभारली, तिचा पाया ही सर्व तंत्रे हाच होता. १९४१ च्या अखेरीस भारतीय घोडदळाच्या पलटणींतील जवानांची अशीच एक तुकडी तयार करण्यात आली आणि १९४२ मध्ये ती या कार्यात सामील झाली. सुट्टीतील छंद म्हणून जमविलेले ज्ञान युद्धात असे उपयोगी पडले. शास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे फळ मात्र त्याआधीच आकारास येत होते.

५. चालकाचा अनुभव आणि वाळूचे शास्त्र

महावालुकासागराशी झुंजताना बॅग्नोल्ड यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. दुरून अभेद्य भासणाऱ्या उंच वालुकागिरीवर गाडी वेगाने घातली, तर ती सहज वर चढून जाई. आणि दिसावयास अगदी तशाच असलेल्या शेजारच्या सपाट वाळूत तीच गाडी आसापर्यंत रुतून बसे. कणांचा रंग एक, आकार एक, कोरडेपणा एक; मग एक वाळू टणक आणि दुसरी दलदलीसारखी का?

केवळ पुढे जाण्याची निकड असती, तर 'अनुभवाने ओळखावे' एवढ्यावर हा प्रश्न सोडता आला असता. बॅग्नोल्ड यांनी तसे केले नाही. १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये लाकडी फळ्यांचा सुमारे तीस फूट लांबीचा वातबोगदा उभारला, त्यात वाळू पसरली आणि वाऱ्याचा वेग व वाळूची हालचाल मोजली. १९३८ मध्ये ते पुन्हा गिल्फ केबीरच्या प्रदेशात गेले आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष त्यांनी खऱ्या वाळूवादळात ताडून पाहिले. वातवाहित वाळू व वालुकागिरी यांच्या भौतिकीवरील त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्यांच्या निष्कर्षांचा सारांश असा. वारा वाळूला धुळीप्रमाणे हवेत तरंगत नेत नाही. साधारण पाव मिलिमीटर व्यासाचे कण उड्या घेत पुढे जातात. या गतीला आपण 'उत्प्लवन' म्हणू. उसळलेला कण वाऱ्यापासून वेग मिळवितो, तिरकस खाली येतो आणि आदळताना इतर कणांना उडवितो. असा कण आपल्या सहापट व्यासाच्या, म्हणजे दोनशेहून अधिक पट वजनाच्या कणालाही ढकलू शकतो. त्यामुळे मोठे कण पृष्ठभागावरून घरंगळत जातात. एकूण वाहतुकीचा सुमारे चतुर्थांश भाग या घरंगळण्याने आणि उरलेला उत्प्लवनाने होतो. वाळूवादळात वाळूचा दाट लोट माणसाच्या खांद्याखालीच राहतो आणि डोके पुष्कळदा मोकळ्या हवेत असते, याचे कारणही हेच.

आता चालकाच्या कोड्याचे उत्तर मिळते. वालुकागिरीच्या वाताभिमुख उतारावर उसळत्या कणांचा सतत मारा होत असतो. प्रत्येक नवा कण ठोकला जातो आणि मिळेल त्या फटीत घट्ट बसतो. म्हणून तो पृष्ठभाग टणक असतो. वातविमुख बाजूस मात्र माथ्यावरून आलेले कण साचतात, उतार सुमारे ३३ ते ३४ अंशांपर्यंत वाढला की घसरतात, आणि सैलपणे एकमेकांवर विसावतात. तेथील रचनेत पोकळ्या अधिक, म्हणून गाडी रुतते. पुढे वारा बदलून अथवा टेकडी सरकून हाच सैल थर सपाटीवर उघडा पडला, की वरून काहीच कळत नाही आणि खाली सापळा तयार असतो. वाळूची टणकता कणांच्या जातीवर अवलंबून नसून ते कोणत्या रीतीने येऊन बसले यावर अवलंबून आहे, हा सिद्धांत चाक रुतल्यामुळे हाती आला.

दुसरा निष्कर्ष याहूनही दूरगामी आहे. वाळू हलू लागण्यासाठी वाऱ्याला किमान वेग लागतो. जमिनीपासून एक मीटर उंचीवर तो सुमारे सेकंदास चार मीटर मानता येईल. त्यापुढे वाळूची वाहतूक या मर्यादेवरील अतिरिक्त वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदास सात मीटर वेगाच्या वाऱ्यात अतिरिक्त वेग तीन आणि त्याचा घन २७. दहा मीटर वेगाच्या वाऱ्यात अतिरिक्त वेग सहा आणि त्याचा घन २१६. वाऱ्याचा वेग दीडपटही झाला नाही, पण वाळूची वाहतूक आठपट झाली. म्हणून वालुकागिरी घडविण्यात वर्षभराच्या मंद झुळुकांपेक्षा थोड्या दिवसांच्या जोरदार वाऱ्याचा वाटा मोठा असतो. या एका नियमाचे महत्त्व थरच्या संदर्भात विशेष दिसून येते.

६. थरचे वाळवंट : पुण्याच्या अभ्यासकांचे कार्य

थरचे वाळवंट लिबियाच्या वाळवंटापेक्षा प्रकृतीने भिन्न आहे. ते दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. पश्चिमेकडे पर्जन्य वर्षाला शंभर मिलिमीटरांच्या आसपास असला, तरी अरवलीकडे तो त्याच्या चौपटीपर्यंत वाढतो. टेकड्यांवर खेजडी, फोग, सेवण गवत अशा वनस्पती आहेत आणि टेकड्यांच्या मधल्या भूमीत बाजरीची शेते आहेत. येथील अनेक टेकड्या परवलयाकार असून त्यांचे रूप बारखान टेकडीच्या उलट आहे. बारखानची शिंगे वारा जातो त्या दिशेला असतात. परवलयाकार टेकडीचे बाहू वनस्पतींनी धरून ठेवलेले असल्याने वारा येतो त्या दिशेला, म्हणजे येथे नैर्ऋत्येकडे, मागे राहतात आणि नाक ईशान्येकडे सरकते. जो चालक हे जाणत नाही, तो ईशान्येकडून आला तर थेट सैल, तीव्र उतारासमोर जाऊन ठेपतो.

या वाळवंटाचा भूतकाळ उलगडण्यात महाराष्ट्रातील एका संस्थेचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नाव कोल्हापूरकरांना अपरिचित नाही, ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे उत्खनन १९४५-४६ मध्ये केले, ते याच संस्थेच्या वतीने. त्याच परंपरेतील पुरातत्त्वज्ञ वीरेंद्रनाथ मिश्र आणि भूपुरातत्त्वज्ञ शरद राजगुरू यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात राजस्थानातील डीडवानाच्या परिसरात काम केले. डीडवाना त्या काळी नागौर जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये डीडवाना-कुचामन असा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील सिंगी तलाव या स्थळी अश्मयुगीन हत्यारांसह क्वार्ट्झचे सहा लहान स्फटिक मिळाले. त्यांचा हत्यार म्हणून उपयोग नव्हता. आदिमानवाने ते केवळ आकर्षणाने वेचून आणले असावेत, या शक्यतेमुळे त्यांची जगभर चर्चा झाली.

याच परिसरातील '१६ आर' या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीत अठरा ते वीस मीटर खोलीचा छेद अभ्यासण्यात आला. वाऱ्याने आणलेल्या वाळूचे थर आणि त्यांच्या दरम्यान कंकराचे पट्टे, असा क्रम त्यात दिसला, आणि वेगवेगळ्या खोलींवर अश्मयुगाच्या निरनिराळ्या टप्प्यांतील हत्यारे मिळाली. वाळू साचते तेव्हा वारा प्रभावी असतो. कंकर व मृदा तयार होतात तेव्हा पृष्ठभाग स्थिर असून ओलावा काहीसा अधिक असतो. म्हणजे एकाच टेकडीत वाळवंटाच्या चढउतारांचे दप्तर बांधून ठेवलेले होते.

त्या दप्तरावर तारखा घालण्याचे काम अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीप्तिमापन पद्धतीने केले. वाळूचा कण उन्हात असताना त्यातील साठलेली ऊर्जा निघून जाते. तो गाडला गेला, की सभोवतालच्या किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. हा साठा मोजून कण शेवटचा सूर्यप्रकाशात कधी होता, ते काढता येते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार या टेकडीत सुमारे दोन लाख वर्षांची नोंद आहे.

या संशोधनातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. हवामान जेवढे कोरडे तेवढ्या टेकड्या अधिक वाढणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. थरमध्ये मात्र अत्यंत शुष्क अशा हिमयुगाच्या परमावधीत टेकड्यांची वाढ मंद होती. ती जोमाने झाली ती हवामानाच्या संक्रमणकाळात, नैर्ऋत्य मोसमी वारे पुन्हा बळावू लागले तेव्हा. वर सांगितलेला घनाचा नियम ज्याने समजून घेतला, त्याला यात विसंगती दिसणार नाही. कोरडेपणा वाळूला मोकळी करतो, पण तिला उचलतो तो वारा. वारा दुर्बल असेल, तर मोकळी वाळूही जागीच पडून राहते. रुतलेल्या मोटारीपासून सुरू झालेल्या विचाराने दोन लाख वर्षांच्या मोसमी वाऱ्यांचा इतिहास वाचावयास साहाय्य केले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मात्र अशा कार्यात वाहनाची भूमिका मर्यादित असते, हेही सांगितले पाहिजे. ते अभ्यासकाला, त्याच्या पाण्याला व अवजारांना टेकडीच्या पायथ्याशी नेऊन सोडते. हत्यारे सापडतात ती पायी फिरणाऱ्याला, आणि थर दिसतात ते हातात फावडे घेणाऱ्याला. लिबियाच्या वाळवंटातही असेच घडले. १९३३ मध्ये लास्लो अल्माशी यांच्या मोहिमेला गिल्फ केबीरमध्ये पोहणाऱ्या मानवाकृतींची भित्तिचित्रे आढळली, ती डोंगराच्या कपारीत. मोटार त्यांना तेथवर घेऊन गेली. हे वाळवंट एके काळी सजल होते, याची साक्ष दिली ती कातळाने.

७. चाकोरीचे ऋण

आपल्या भाषेत चाकांनी पडलेल्या वाटेला 'चाकोरी' म्हणतात. वाळवंटातील चाकोरी ही गंभीर गोष्ट आहे. फिरत्या वाळूवरील ठसे वारा एका रात्रीत पुसून टाकतो. खडीच्या कठीण मैदानावर मात्र तसे होत नाही. तेथील सूक्ष्म कण वाऱ्याने केव्हाच उडून गेलेले असतात आणि वर उरलेल्या खड्यांचे कवच खालच्या मातीचे रक्षण करते. चाकाने हे कवच एकदा मोडले, की ते पुन्हा तयार होण्यास अतिदीर्घ काळ लागतो. दुसऱ्या महायुद्धातील टेहळणी गाड्यांच्या चाकोऱ्या लिबियाच्या वाळवंटात कित्येक दशकांनंतरही स्पष्ट दिसत राहिल्या.

थरमध्ये हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण तेथे माणसे राहतात. उंटाच्या नांगराने होणारी उथळ नांगरट टेकडीवरील झुडपांची मुळे पुष्कळशी शाबूत ठेवी. ट्रॅक्टर आल्यावर टेकड्यांचे उतारही खोल नांगरले जाऊ लागले आणि स्थिरावलेली वाळू ठिकठिकाणी पुन्हा मोकळी झाली. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेचा आरंभ १९५२ मध्ये वाळवंट वनीकरण केंद्र म्हणून झाला आणि १९५९ मध्ये तिला आजचे स्वरूप आले. टेकड्यांचे स्थिरीकरण हे तिच्या प्रमुख कार्यांपैकी एक राहिले आहे. ज्या चाकाने वाळवंटाचे ज्ञान दिले, त्याच चाकाने वाळूला धरून ठेवणारे बंध सैल केले. हौसेखातर टेकड्यांवर गाड्या पळविणाऱ्यांनी आणि अभ्याससहलीला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनीही हे विसरू नये. वनस्पती असलेल्या उतारावर वाहन घालू नये, असलेली चाकोरी सोडू नये, आणि ढाणीतील वृद्ध जो मार्ग दाखवील तो नकाशावरील रेषेपेक्षा श्रेष्ठ मानावा.

८. समारोप

आज उपग्रहांच्या साहाय्याने कोणीही आपले स्थान क्षणार्धात जाणू शकतो आणि सूर्ययंत्र संग्रहालयात गेले आहे. परंतु उपग्रह आपण कोठे आहोत ते सांगतो. पायाखालची वाळू भार सोसेल की नाही, हे सांगत नाही. याचा प्रत्यय सर्वांत दुर्गम वाळवंटात, मंगळावर, आला. 'अपॉर्च्युनिटी' ही संशोधनगाडी २००५ मध्ये वाळूच्या एका लहानशा वरंब्यात पाच आठवड्यांहून अधिक काळ अडकून पडली. तिची जोडगाडी 'स्पिरिट' २००९ मध्ये मऊ मातीत रुतली, ती पुन्हा निघालीच नाही. मार्च २०१० नंतर तिचा संदेशही आला नाही. कोट्यवधी किलोमीटरांवरून यान अचूक उतरविणाऱ्या शास्त्रज्ञांना अखेर तोच प्रश्न सोडवावा लागला, जो वारणेच्या पात्रात गाडीवानापुढे उभा असे. २०१५ च्या अखेरीस 'क्युरिऑसिटी' ही गाडी मंगळावरील ज्या वालुकागिरींपाशी पोहोचली, त्यांना बॅग्नोल्ड यांचे नाव दिलेले आहे, ते उचितच होय.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना थरपर्यंत जाण्याचा योग येईल तेव्हा येवो. तोपर्यंत नदीकाठची मूठभर कोरडी वाळू तिवईवर पसरून तिच्यावर पंख्याचा वारा सोडून पाहावा. कण कसे उसळतात, कोठे विसावतात, बोटाने दाबले असता वाऱ्याकडची बाजू व आडोशाची बाजू यांत काही फरक जाणवतो का, याची नोंद करावी. नोंद करताना वाऱ्याचा वेग, कणांचा आकार आणि वेळ लिहिण्यास विसरू नये. बॅग्नोल्ड यांच्या बोगद्यातही याहून वेगळे काही चालत नव्हते. तेथे मोजमाप अधिक काटेकोर होते, एवढेच.